सात की चौदा? लाँग कोविडच्या गुणपत्रकात अडकलेलं एक निदान

पार्श्वभूमी

हे प्रकरण चाळिशीतल्या एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोविड झाला तेव्हा त्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं नव्हतं. थोडे दिवस ताप, आठवडाभर खोकला, घरी केलेली अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह. बरं वाटल्यावर त्या शाळेत रुजू झाल्या. खरा त्रास महिनाभराने सुरू झाला. फळ्यापाशी उभं राहिलं की डोकं हलकं व्हायचं, छातीत धडधडायचं, ओळखीच्या मुलांची नावं ऐन वेळी आठवायची नाहीत. आणि थकवा असा, की झोपून उठलं तरी उतरायचा नाही.

आमच्या पोस्ट-कोविड क्लिनिकमध्ये त्या सातव्या महिन्यात आल्या. तोवर तीन डॉक्टर झाले होते. पहिल्यांनी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड बघून सगळं नॉर्मल असल्याचं सांगितलं. दुसऱ्यांनी चिंता कमी करणारी गोळी दिली. तिसऱ्यांनी रोज चालायला सांगितलं, दर आठवड्याला थोडं वाढवत न्या म्हणाले. हा सल्ला त्यांनी मनापासून पाळला आणि दीड महिन्यात रजेवर गेल्या. त्यानंतर चालणं थांबलं, स्वयंपाक थांबला, फोनवर बोलणंसुद्धा मोजकं झालं.

त्या काळात आमच्याकडे नवा रुग्ण आला की त्याला आधी एक लक्षणांचा फॉर्म भरायला देत असू. त्यावरून गुण निघत. बारा किंवा जास्त गुण असले तर रुग्ण लाँग कोविडच्या, म्हणजे कोविड होऊन गेल्यावर महिनोन्महिने टिकणाऱ्या तक्रारींच्या, ओपीडीत, कमी असले तर 'इतर कारणं शोधा' अशी चिठ्ठी देऊन परत. गर्दी आवरायला अशी काहीतरी चाळण लागतेच, आणि ही चाळण एका मोठ्या अभ्यासातून आलेली होती.

हा गुणांक कुठला

मे २०२३मध्ये अमेरिकेतल्या 'रिकव्हर' प्रकल्पाचा निबंध 'जामा' या नियतकालिकात आला. ९,७६४ प्रौढांना त्यांची लक्षणं विचारली होती. काहींना कोविड होऊन गेला होता, काहींना झालेला नव्हता. संसर्ग झालेले आणि न झालेले यांना वेगळं ओळखायला कोणती लक्षणं सर्वांत उपयोगी पडतात, ते संख्याशास्त्राने काढलं. १२ लक्षणं उरली आणि प्रत्येकाला वजन मिळालं. वास किंवा चव जाण्याला ८ गुण, श्रमानंतर त्रास बळावण्याला ७, जुनाट खोकल्याला ४, मेंदूवरच्या धुक्याला (आठवण आणि विचार अंधुक होणं) आणि जास्त तहान लागण्याला प्रत्येकी ३, धडधड आणि छातीत दुखणं यांना प्रत्येकी २. थकवा, चक्कर, पोटाच्या तक्रारी, लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं आणि अनैच्छिक हालचाली यांना प्रत्येकी १. बेरीज १२ किंवा त्याहून जास्त आली की 'पॉझिटिव्ह'.

ज्या थकव्याने माणूस अंथरुणाला खिळतो त्याला एकच गुण का, असा प्रश्न फॉर्म पाहणारा प्रत्येक जण विचारतो. याचं कारण ही वजनं काढायच्या पद्धतीत आहे. थकवा कोविड न झालेल्यांतही भरपूर सापडतो, म्हणून दोन गटांत फरक करायला तो एकटा फारसा कामाचा नाही. शिवाय ज्यांना श्रमानंतर त्रास बळावतो त्यांना थकवा बहुतेकदा असतोच, त्यामुळे त्याचा वाटा त्या लक्षणाच्या सात गुणांतच जमा होतो. 'पॉझिटिव्ह' ठरलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांना थकवा होता. लक्षण रुग्णाला किती छळतं याचा या वजनांशी संबंध नाही. ते कोविड झालेल्याला न झालेल्यापासून किती वेगळं पाडतं, एवढंच त्यातून कळतं.

आकड्यांचा अर्थ लावतानाही गफलत होते. संसर्ग झालेल्यांत २३ टक्के आणि न झालेल्यांत ३.७ टक्के लोक उंबरठ्याच्या वर गेले. यातले २३ म्हणजे या साधनाची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती जण ते पकडतं, असं वाचणारे मी पाहिले आहेत. संवेदनशीलता काढायला खरे रुग्ण कोण ते आधी ठाऊक लागतं, आणि लाँग कोविडला तशी कसोटीची तपासणी नाही. 'रिकव्हर'च्याच चमूने पुढे नेहमीच्या २५ प्रयोगशाळा तपासण्या चाळून पाहिल्या. निदानाला भरवशाची अशी एकही हाती लागली नाही. निबंधाच्या लेखकांनी हा गुणांक संशोधनासाठी असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. तरी बारा हा आकडा एवढा सुटसुटीत होता की तो ओपीडीच्या दारावर येऊन बसला.

अडचण

शिक्षिकेचा फॉर्म संगणकात भरला गेला तेव्हा बेरीज अशी झाली: धुकं ३, धडधड २, चक्कर १, थकवा १. एकूण सात.

नियमाप्रमाणे त्यांना परतीची चिठ्ठी मिळायला हवी होती. सोबत नैराश्याची पीएचक्यू-९ ही प्रश्नावलीही भरून घेतली होती. तिचे गुण ११ आले, म्हणजे 'मध्यम' पट्टा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप तयार होते: लाँग कोविड नाही, नैराश्य आहे, मानसोपचाराकडे पाठवा. फाईलवर तसा शेरा पेन्सिलने लिहिलाही गेला होता.

तो शेरा पक्का व्हायच्या आत आमच्या फिजिओथेरपिस्ट सहकारीने मूळ कागद मागवला. श्रमानंतर त्रास बळावतो का, या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण होती. आणि समासात, बारीक अक्षरात, बाईंनी लिहिलं होतं: 'आता असं काही करतच नाही.'

संगणकाच्या रकान्यात समासाला जागा नसते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नियमावर चालण्याचा. त्याच्या बाजूने बोलणारे चुकीचे नव्हते. प्रत्येकासाठी अपवाद करायचा तर चाळण कशाला ठेवायची? शिवाय लाँग कोविडचं लेबल एकदा चिकटलं की पुढचे डॉक्टर दुसरं काही शोधत नाहीत, ही भीतीही खरी. आणि गुणांक उलट्या बाजूनेही फसवतो. साखर हाताबाहेर गेलेला मधुमेही घ्या: तहान ३, धुकं ३, धडधड २, थकवा, चक्कर, पोट आणि लैंगिक तक्रार प्रत्येकी १. कागदावर बरोबर बारा, आणि त्याला कोविड झालेला असायचीही गरज नाही.

दुसरा पर्याय गुणांक बाजूला ठेवून जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१च्या व्याख्येवर निदान करण्याचा. निश्चित किंवा संभाव्य संसर्ग, त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली आणि किमान दोन महिने टिकलेली लक्षणं, आणि त्यांचा उलगडा करणारं दुसरं निदान नसणं. पहिल्या दोन अटी बाई सहज पूर्ण करत होत्या. तिसरीच्या बाबतीत आमच्याकडे पुरेशा तपासण्या नव्हत्या. 'दुसरं कारण नाही' असं म्हणायचं तर ते आधी शोधलेलं असावं लागतं.

तिसरा पर्याय निदान दोन-तीन आठवडे लांबवून मधल्या वेळात प्रश्न नीट विचारण्याचा. यात बाईंचं नुकसान होतं. रजा संपत आली होती आणि शाळा प्रमाणपत्र मागत होती. सात महिने थांबलेल्या माणसाला आणखी थांबा म्हणणं सोपं नसतं.

आम्ही तिसरा घेतला, पण एक अट घालून: या काळात 'काहीही झालेलं नाही' असं समजून चालायचं नाही. श्रमानंतर त्रास बळावतो असं धरूनच सल्ला द्यायचा. म्हणजे चालणं वाढवायचं नाही, दिवसाची कामं तुकड्यांत करायची, मधे आडवं व्हायचं. हे गृहीत चुकलं असतं तर दोन-तीन आठवड्यांची विश्रांती जास्तीची झाली असती. उलट गृहीत धरून चुकलो असतो तर काय होतं, हे चालण्याच्या सल्ल्याने आधीच दाखवलं होतं. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय हाच. तो घेताना हातात एकही नवा रिपोर्ट नव्हता.

काय केलं

आधी प्रश्न बदलला. श्रमानंतरच्या त्रासासाठी डीपॉल प्रश्नावलीतला एक छोटा भाग वापरला जातो. त्यात लक्षण किती वेळा येतं आणि किती तीव्र असतं, हे वेगवेगळं ० ते ४ असं विचारतात. त्यातच पुढे असंही विचारलेलं असतं की तुम्ही व्यायाम करत नसाल तर तो केल्यावर त्रास वाढतो म्हणून करत नाही का? समासातल्या वाक्याला उत्तर देणारा प्रश्न नेमका हा. बाईंनी यावर 'हो' म्हटलं आणि विचारलं, "डॉक्टर, हे आधी का नाही विचारलंत?"

मग दोन आठवड्यांची रोजनिशी. शब्दांत लांबलचक लिहायचं नाही. काय केलं, किती वेळ, आणि संध्याकाळी शरीर कसं होतं, एवढंच. त्यातल्या दोन नोंदी अशा होत्या. मंगळवार: 'बँकेत गेले. रांगेत अर्धा तास. ठीक वाटलं.' गुरुवार: 'उठवत नाही. घसा दुखतोय, अंग ठणकतंय, उजेड सहन होत नाही. काल तर काहीच केलं नव्हतं.' 'काल काही केलं नव्हतं' हे वाक्य पुढच्या आठवड्यातही आलं, पालकांशी फोनवर तासभर बोलल्यावर दोन दिवसांनी. श्रम आणि घसरण यांच्यात एक-दोन दिवसांचं अंतर पडत होतं, म्हणून त्यांना स्वतःलाही धागा जुळत नव्हता. ज्याला संबंध जाणवलेला नाही त्याला 'श्रमानंतर त्रास वाढतो का' असं थेट विचारलं, तर प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच येणार.

रोजनिशीनंतर त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' झालं. सातात सात मिळवले, चौदा. मधल्या काळात आजार तसूभरही बदलला नव्हता.

पीएचक्यू-९चे अकरा गुणही उलगडून पाहिले. झोप, थकवा, एकाग्रता आणि हालचाल मंदावणं, या चार प्रश्नांतून नऊ गुण आले होते. भूक एक, उदास वाटणं एक, आणि 'कशात रस वाटत नाही' याला शून्य. मोठ्या नैराश्याच्या निदानाला उदासी किंवा रस जाणं यातलं एक तरी ठळक असावं लागतं. इथे दोन्ही मिळून एक गुण. फाईलवरचा पेन्सिलचा शेरा खोडला. समुपदेशकाची भेट मात्र ठेवली, कारण सात महिने कुणी विश्वास ठेवला नाही की माणूस आतून झिजतोच, त्याला नैराश्याचं निदान व्हावं लागत नाही.

उभं राहण्याची चाचणी सोपी असते. रुग्णाने आडवं पडायचं, नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहायचं आणि दर मिनिटाला मोजायचं. आडवं असताना नाडी ७२, उभं राहिल्यावर आठव्या मिनिटाला १०८. रक्तदाब पडला नाही. दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढणं आणि रक्तदाब न घसरणं हा 'पॉट्स'चा, म्हणजे उभं राहिलं की नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा, निकष आहे. बाईंचे पाय तोवर जांभळट झाले होते. सात महिन्यांत त्यांना उभं करून नाडी कुणी मोजली नव्हती, असं त्या म्हणाल्या.

रक्तात एक गोष्ट सापडली आणि तिने गुंता वाढवला. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे कागदावर ठीक. फेरिटिन मात्र ८. शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. थकवा, धडधड, चक्कर, विसरभोळेपणा यांतलं बरंचसं लोहाच्या कमतरतेनेही होऊ शकतं.

इथे टीममध्ये पुन्हा दोन मतं पडली. एक म्हणत होतं, दुसरं कारण सापडलं, व्याख्येतली तिसरी अट मोडली, आता लाँग कोविड म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की लोह कमी असलं तरी बँकेच्या रांगेनंतर दोन दिवसांनी घसा दुखून अंग ठणकत नाही. मला दुसरं पटलं. अर्धी लक्षणं समजावून देणारं कारण सापडलं म्हणून उरलेल्या अर्ध्यांचा हिशोब मिटत नाही. शेवटी ठरलं ते असं: लोह सुरू करायचं, साठा भरल्यावर सगळं पुन्हा मोजायचं, आणि तोवर निदान 'लाँग कोविड, संभाव्य, सोबत लोहाची कमतरता' असं लिहायचं. 'संभाव्य' या शब्दावर एका सहकाऱ्याची नाराजी होती. ती कायम राहिली.

प्रमाणपत्राचा प्रश्न

शाळेकडून विचारणा आली तेव्हा त्यात गुण किती ते नमूद करा, असं होतं. कुणीतरी तो निबंध वाचला असावा. चौदा लिहिलं असतं तर काम लगेच झालं असतं. पण आज चौदाच्या जोरावर मिळालेली सवलत उद्या आकडा घसरला की जाणार, हे दिसत होतं. शिवाय तो आकडा आमच्याच टेबलावर दोन आठवड्यांत दुप्पट झाला होता.

म्हणून प्रमाणपत्रात गुण दिले नाहीत. कोणत्या व्याख्येने निदान केलं, उभं राहिल्यावर नाडीचं काय होतं, आणि रुग्ण सलग किती वेळ काय करू शकते, हे लिहिलं. दैनंदिन क्षमतेसाठी ० ते ४ अशी पोस्ट-कोविड कार्यक्षमता श्रेणी आहे. त्यात त्या ३, म्हणजे मध्यम मर्यादा, या पायरीवर होत्या. बसून शिकवणं, अर्धा दिवस, दोन तासिकांमध्ये विश्रांती, अशी ठोस मागणी केली. शाळेने थोडी घासाघीस करून मान्य केली.

परिणाम

चार महिन्यांनी फेरिटिन सुधारलं. धडधड आणि धाप कमी झाली. उभं राहण्याच्या चाचणीत नाडीची वाढ ३६वरून ३१ झाली, म्हणजे लोह भरूनही 'पॉट्स' टिकून होता. मीठ-पाणी वाढवणं, पायांना घट्ट मोजे आणि कमी मात्रेचा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) यांनी धडधड जवळपास गेली, चक्करही. श्रमानंतरची घसरण मात्र तशीच. ती टाळता येऊ लागली, कारण आता कशाने येते ते ठाऊक होतं.

अशात पुन्हा फॉर्म भरून घेतला. धुकं ३, श्रमानंतर त्रास ७, थकवा १. एकूण अकरा.

बाराच्या उंबरठ्याने पाहिलं तर त्या आता 'पॉझिटिव्ह' नव्हत्या. प्रत्यक्षात अर्धा दिवस शिकवून घरी आल्यावर त्या आडव्या होत होत्या आणि एखादा लग्नसमारंभ गाठायचा तर आधीचे दोन दिवस राखून ठेवत होत्या. धडधड आणि चक्कर या दोन औषधाला जुमानणाऱ्या लक्षणांनी तीन गुण खाली आणले होते. लाँग कोविडसाठीच्या सुधारित यॉर्कशर रिहॅबिलिटेशन स्केलवर मात्र सुधारणा कुठे आहे आणि कुठे नाही ते नीट दिसत होतं, कारण त्यात प्रत्येक लक्षणाची तीव्रता ० ते ३ अशी मोजतात आणि कामकाजातली अडचण वेगळी मोजतात. ते साधन बनवलंच आहे बदल टिपायला.

यानंतर डिसेंबर २०२४मध्ये 'रिकव्हर'ने सुधारित गुणांक प्रसिद्ध केला. आता लक्षणं ११ आणि उंबरठाही ११. धाप लागणं आणि घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं ही नवी आली. छातीत दुखणं, लैंगिक तक्रार आणि अनैच्छिक हालचाली वगळल्या गेल्या. नवी माहिती आली की संशोधनातली मोजपट्टी बदलते, तसंच व्हायला हवं. पण त्या मोजपट्टीवर कुणाचं ओपीडीत येणं किंवा रजा मिळणं टांगलेलं असेल, तर एका निबंधाने रातोरात काही जण आत येतात आणि काही बाहेर जातात.

काय वेगळं करता आलं असतं

उभं राहण्याची चाचणी आणि फेरिटिन पहिल्याच भेटीत व्हायला हवं होतं. दोन्ही स्वस्त, दोन्हींचा निकाल लगेच हाती येतो, आणि दोन्हींवर उपाय आहे. गुणांकाची वाट पाहत ते अडून राहिले.

३४ पैकी १५ गुण ज्या दोन लक्षणांकडे आहेत, त्यांच्या उत्तरांवर एका टिचकीचा भरवसा ठेवणं हा फॉर्मच्या मांडणीतलाच दोष होता. वासाबद्दल माणूस सहसा ठाम सांगतो (ओमायक्रॉननंतर वास जाण्याचं प्रमाण घटलं, त्यामुळे त्या आठ गुणांची भिस्त आता आणखी कमी जणांवर आहे). श्रमानंतरच्या त्रासाबद्दल तसं ठाम सांगता येत नाही. ज्यांनी हालचालच आवरून घेतली आहे आणि ज्यांना अंतराने त्रास होतो, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण 'नाही' म्हणतात, आणि बहुधा जास्त आजारी तेच असतात.

लोह भरून होईपर्यंत 'संभाव्य' लिहिलं ते योग्य होतं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. ज्या सहकाऱ्याची नाराजी होती त्याचं म्हणणं, त्या शब्दामुळे बाईंना चार महिने प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. ते खरं आहे.

फॉर्म आता बदलला आहे. गुणांक काढतो, पण तो संशोधनाच्या रजिस्टरमध्ये जातो. ओपीडीत कुणाला घ्यायचं ते त्यावर ठरत नाही. श्रमानंतरच्या त्रासाच्या रकान्यात 'हो' आणि 'नाही'शिवाय 'करतच नाही' असा तिसरा पर्याय आहे. तिथे खूण झाली की दोन आठवड्यांची रोजनिशी दिली जाते, आणि ती परत येईपर्यंत बेरजेची चौकट रिकामी ठेवतो.